ज्या श्रमाला मालक नाही, त्याला वाली कोण?

वाघोलीत नगर रस्त्यापासून थोडे आत, एका गाळ्यात छपाईचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, फ्लेक्स, आणि निवडणुका आल्या की सर्व पक्षांची पत्रके, असा त्याचा व्यवसाय. गेल्या पावसाळ्यात दगडखाणींवरील कामगारांच्या एका सभेचे पत्रक छापून घेण्याकरिता मी तेथे गेलो होतो. पत्रकाचा मथळा होता 'वडाऱ्यांच्या व पाथरवटांच्या मागण्या'. संगणकाच्या पडद्यावर मात्र पहिल्याच शब्दातला कोयरीसारखा अर्धा र नाहीसा झाला होता व त्याच्या जागी य च्या डोक्यावर रफार बसून 'वडार्यांच्या' असे काहीतरी दिसत होते. ज्यांच्या नावाने सभा भरायची त्यांचेच नाव अशुद्ध छापून त्यांच्या हाती द्यायचे, हे मनाला पटेना.

दुकानदार तरुण आहे. त्याचे वडील खाणीवर सुरुंगाची भोके पाडीत असत. पूर्वी तो चोरून मिळविलेल्या महागड्या आज्ञावल्यांवर काम करी. असे सॉफ्टवेअर वापरणे म्हणजे मक्तेदाराच्या दारात चोर म्हणून उभे राहणे आहे, त्यापेक्षा मुक्त सॉफ्टवेअर वापर, असा उपदेश त्याला मीच केला होता. तेव्हा तो मला म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून हे घेतलं. फुकट आहे, चांगलं आहे, कबूल. पण हे बिघडलं तर जायचं कुणाकडं? याचा मालक कोण?"

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. खराडीच्या संगणक-उद्योगात नोकरी करणारा शेजारचा एक अभियंता संध्याकाळी आला, त्याने तासाभरात दोष शोधून काढला. दुकानदाराने चित्रणाचा तो कार्यक्रम मूळ ठिकाणाहून न घेता कोठल्याशा तिऱ्हाईत संकेतस्थळावरून उतरवून घेतला होता. अक्षरांची जुळणी करणारी जी लायब्ररी कार्यक्रमाबरोबर यावयास हवी, ती त्या प्रतीत नव्हतीच. मग विंडोजने त्याच यंत्रावर दुसऱ्या एका कार्यक्रमाने कधीकाळी टाकून ठेवलेली जुनी प्रत उचलली, आणि आमच्या वडाऱ्यांचा र मोडला. नीट बांधलेली प्रत बसविल्यावर पत्रक शुद्ध निघाले. जाता जाता अभियंत्याने सांगितले की, त्याची कंपनी जे उत्पादन परदेशात विकते त्याच्या तळाशीही हाच अवजारसंच आहे. मी विचारले, "मग कंपनी त्याकरिता काय देते?" तो हसला. पैसा तर नाहीच. कामाच्या वेळात एखादा दोष दुरुस्त करून परत पाठविण्याचीही मुभा नाही.

ज्या अवजारसंचाची ही कथा, त्याचे नाव जीटीके. संगणकाच्या पडद्यावर आपण ज्या खिडक्या, बटणे, याद्या आणि लिहिण्याच्या चौकटी पाहतो त्या प्रत्येक कार्यक्रमाने नव्याने घडवायच्या नसतात. त्या तयार मिळतात. असा तयार संच म्हणजे टूलकिट. १९९५ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी चित्रांवर संस्कार करणारा 'गिंप' हा कार्यक्रम लिहावयास घेतला. सुरुवातीस त्यांनी मोटिफ नावाचा, कंपन्यांच्या मालकीचा संच वापरला होता. तो फुकट मिळत नव्हता आणि मोकळाही नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःचा संच लिहिला आणि तो जगाला देऊन टाकला. जीटीकेची पहिली आवृत्ती १९९८ साली, दुसरी २००२ साली, तिसरी २०११ साली व चौथी २०२० साली आली. आज गिंप, रेखाचित्रांचा इंकस्केप, हिशेबाचा ग्नूकॅश हे कार्यक्रम याच पायावर उभे आहेत. त्याचा परवाना इतका उदार आहे की खासगी मालकीची आज्ञावलीही त्याच्यावर चढविता येते. खराडीच्या त्या कंपनीने कोठलाही कायदा मोडलेला नाही, हे येथेच सांगून टाकले पाहिजे. प्रश्न कायदेभंगाचा नाही.

हा संच जन्माने युनिक्सच्या घराण्यातला. विंडोजवर तो आणला फिनलंडच्या टोर लिलक्विस्ट यांनी, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. कोणी नेमले नव्हते, कोणी पगार ठरविला नव्हता. त्यांना गिंप विंडोजवर चालवून पाहायचा होता. पुढे अनेक वर्षे जगभरचे लोक विंडोजवर जीटीकेचा जो तयार गठ्ठा वापरीत राहिले तो प्रामुख्याने या एका माणसाच्या हातचा होता. त्यांचे लक्ष दुसऱ्या कामांकडे वळले तेव्हा तो गठ्ठा जुना होऊ लागला. मग कोणी दुसऱ्याने आपला म्हणून एक इन्स्टॉलर काढला, काही काळ चालविला, थांबविला, मग तिसऱ्याने. आज जीटीकेच्या अधिकृत स्थळावर विंडोजसाठी स्वतःचा इन्स्टॉलर नाही. एमसिस२ आणि जीव्हीएसबिल्ड या दोन स्वतंत्र प्रकल्पांकडे ते बोट दाखविते. दोन्हीकडे काम करणारी माणसे मोजकी आहेत.

हे काम म्हणजे नेमके काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना वाघोलीच्याच भाषेत सांगता येईल. आज्ञावलीची उगमसंहिता म्हणजे खाणीतून फोडून काढलेला दगड. तो सर्वांचा आहे, कोणीही उचलावा. परंतु दगडाच्या ढिगाने भिंत होत नाही. पाथरवटाने छिन्नीने घडवून, कोन साधून, चिरा तयार केला तर गवंडी तो भिंतीत बसवू शकतो. उगमसंहितेपासून यंत्राला चालविता येईल असा चिरा घडविणे, यालाच या धंद्यात 'बिल्ड' करणे म्हणतात. आपण बांधणी म्हणू. लिनक्सवर ही घडाई डेबियनसारख्या संघटना करतात, तेथे तिची घडी बसलेली आहे. विंडोजवर ती कोणाचीच जबाबदारी नाही. मायक्रोसॉफ्टला तिची गरज नाही, जीटीके लिहिणारे बहुतेक जण स्वतः विंडोज वापरीत नाहीत, आणि वापरणाऱ्याला दगड घडविता येत नाही.

आणि घडाईही एका चिऱ्याची नव्हे. जीटीके उभा राहतो तो जीलिब, कायरो, पँगो, हार्फबझ, फ्रीटाइप, एफरिबिडी, गेडीकेपिक्सबफ, पीएनजी चित्रांची लायब्ररी, झेडलिब अशा दोन-तीन डझन लायब्रऱ्यांवर. प्रत्येकीचे लेखक वेगळे, आवृत्त्यांचा वेग वेगळा. एकीने एखादे फंक्शन बदलले की तिच्यावर टेकलेल्या सर्वांची बांधणी पुन्हा. त्यात विंडोजवर दोन कंपायलर. एक मुक्त घराण्यातला मिनजीडब्ल्यू, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. एकाने घडविलेला भाग दुसऱ्याच्या भागाशी जुळेलच असे नाही. जुन्या ३२ बिटी यंत्रांकरिता वेगळी बांधणी, नव्या एआरएम प्रोसेसरांकरिता वेगळी. शिवाय मायक्रोसॉफ्ट स्वतः जमीन हलवीत असते ती निराळीच. विंडोज ७ चा आधार कंपनीने जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला. तीन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, एमसिस२ लाही तो सोडावा लागला, कारण ज्या खालच्या थरांवर ते उभे आहेत ते थरच पुढे गेले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप व जो प्रोसेसर लागतो तो वाघोलीच्या त्या दुकानातल्या जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्रात नाही. ते यंत्र भंगारात काढावयाचे की चालवायचे, याचा निर्णय रेडमंडमध्ये होतो. पण त्यावर पत्रके किती दिवस छापली जातील, हे कोठल्याशा गावी रात्री जागून जुन्या विंडोजवर चाचणी घेणाऱ्या एखाद्या माणसावर अवलंबून असते.

तयार बांधणीवर सहीसुद्धा लागते. डिजिटल प्रमाणपत्राची सही नसलेला इन्स्टॉलर उघडू गेल्यास विंडोज वापरणाऱ्याला भीती घालते की हा अज्ञात प्रकाशक आहे, सावध राहा. हे प्रमाणपत्र प्रमाणपत्र-कंपन्यांकडून दरवर्षी पैसे भरून विकत घ्यावे लागते, आणि २०२३ च्या जूनपासून त्याची गुप्त किल्ली खास उपकरणात ठेवण्याची सक्ती झाली आहे. जो मनुष्य फुकट श्रम करतो त्याने, आपण चोर नव्हे, हे सिद्ध करण्याकरिता पदरचे पैसेही भरावयाचे!

यात आपल्या भाषेचा एक धागा आहे. वरच्या यादीतील पँगो ही लायब्ररी मजकुराची मांडणी करते. तिच्या नावात ग्रीक 'पॅन', म्हणजे सर्व, आणि जपानी 'गो', म्हणजे भाषा, हे दोन शब्द एकत्र आहेत. हार्फबझ अक्षरांना आकार देते. तिचे नाव फारसी आहे आणि त्यातला 'हर्फ' उर्दूच्या शेजारामुळे आपल्याही ओळखीचा. २०१९ पूर्वी विंडोजवर पँगो देवनागरीची जुळणी मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेकडून करून घेत असे. त्या वर्षापासून ती सर्व ठिकाणी हार्फबझवरच विसंबते. त्यामुळे एखादे जोडाक्षर एकदा नीट झाले की ते लिनक्सवर आणि विंडोजवर सारखेच नीट दिसते. ऱ्य आणि ऱ्ह ही मराठीची खास अक्षरे. हिंदीला त्यांची गरज नाही, म्हणून ती मोडली तर उत्तरेत कोणाच्या लक्षात येणार नाही. शेतकऱ्यांचा, वडाऱ्यांचा, कोऱ्या सातबाऱ्याचा अर्धा र जपावयाचा असेल तर तो मराठी माणसालाच तपासावा लागेल. पुण्यात या कामाची परंपरा नाही असे नाही. सी-डॅकची स्थापना १९८८ साली याच शहरात झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तेथे झाले. रेड हॅट कंपनीने मोकळे केलेले लोहित हे टंक पुण्यातील तिच्या भाषा-विभागाने वर्षानुवर्षे सांभाळले. परंतु टंक बनविणे, अनुवाद करणे ही दिसणारी कामे आहेत. बांधणी राखणे दिसत नाही. ती चांगली असते तेव्हा तिची कोणी आठवण काढीत नाही.

न दिसणाऱ्या श्रमाची जागा रिकामी राहिली की तेथे कोण येऊन बसतो, याची दोन उदाहरणे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

पहिले २०१५ सालचे. गिंपच्या विंडोज बांधण्या पूर्वी सोर्सफोर्ज या स्थळावरून वाटल्या जात. त्या स्थळावर फसव्या जाहिराती वाढल्या म्हणून गिंपच्या मंडळींनी नोव्हेंबर २०१३ मध्ये ते सोडले आणि वाटप स्वतःच्या सर्व्हरवर आणले. मे २०१५ मध्ये उघडकीस आले की, सोर्सफोर्जने ते जुने खाते आपल्या ताब्यात घेतले आहे आणि गिंपचा इन्स्टॉलर जाहिरातींच्या आवरणात गुंडाळून वाटला जात आहे. मुक्त सॉफ्टवेअर शोधीत आलेल्या माणसाच्या यंत्रावर त्याने न मागितलेला माल उतरविण्याचा हा उद्योग. ओरड झाल्यावर तो थांबला. श्रम एकाचे, नफा दुसऱ्याचा, आणि बदनामी पुन्हा श्रम करणाऱ्याची, हे गणित गिरणगावापासून आपल्या ओळखीचे आहे.

दुसरे उदाहरण वायरशार्कचे. जाळ्यावरील वाहतूक तपासणारा हा नामांकित मुक्त कार्यक्रम जीटीकेवर लिहिलेला होता. विंडोज आणि मॅकवर जीटीकेची अवस्था समाधानकारक नाही म्हणून २०१३ साली त्यांनी क्यूट या दुसऱ्या संचाकडे जाण्याचे जाहीर केले, आणि २०१५ च्या अखेरीस २.० आवृत्तीत ते अमलात आले. त्यांना दोष देता येणार नाही, त्यांचे बहुसंख्य वापरणारे विंडोजवर होते. क्यूटही मुक्त परवान्यावर मिळतो आणि तो उत्तम आहे. परंतु त्याच्यामागे एक कंपनी आहे. २०२१ च्या आरंभी तिने दीर्घकाळ दुरुस्ती मिळणारी ५.१५ ही आवृत्ती पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांपुरती राखून ठेवली. म्हणजे ज्या संचाला मालक नाही त्याच्या विंडोज बांधणीकडे कोणी पाहत नाही म्हणून लोक मालक असलेल्या संचाकडे जातात, आणि मालक एके दिवशी दुरुस्तीची किंमत मागतो. सामायिक कुरणाला राखणदार नसला की ते ओसाड पडते आणि गावाला पाटलाच्या कुरणाकडे जावे लागते.

या ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील काही कडवे मित्र विचारतील की, मुळात विंडोजसाठी हे श्रम करावेतच कशाला? मक्तेदाराच्या वाड्याची डागडुजी करण्यापेक्षा लोकांना वाड्याबाहेर काढा. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्यामागची निष्ठा मला आदरणीय वाटते. तथापि तो मला पटत नाही. गिरणी मालकाची आहे म्हणून आपण तिच्या दारात युनियन बांधली नाही, असे कधी झाले नाही. कामगार जेथे आहे तेथे संघटना न्यावी लागते. महाराष्ट्रात २००१ पासून लक्षावधी मुलांनी एमएस-सीआयटी केले, आणि ज्या पडद्यावर ती शिकली तो विंडोजचा होता. छापखान्यातले यंत्र विंडोजचे, पतसंस्थेतले विंडोजचे, शाळेला देणगीत मिळाले तेही विंडोजचे. या माणसाला 'आधी लिनक्स घे, मग तुला स्वातंत्र्य' असे सांगणे म्हणजे भुकेल्याला आधी उपोषणाचे महत्त्व पटवून देण्यासारखे आहे. त्याच्या हाती आज गिंप आणि इंकस्केप पडले तर उद्या खालचे यंत्र बदलताना त्याचे काम अडणार नाही. कार्यक्रम तेच राहतील. वाड्यातून बाहेर पडण्याचा दरवाजा वाड्याच्या आतूनच उघडावा लागतो आणि विंडोजची बांधणी हा तो दरवाजा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे लोक स्वेच्छेने काम करतात, त्यांना आनंद मिळतो, तुम्ही त्यात मजुरीचा प्रश्न का आणता? आनंद मिळतो हे खरे. नवे काही लिहिण्यात तो मिळतोच. परंतु पंधरा वर्षे त्याच लायब्रऱ्या पुन्हा पुन्हा बांधण्यात, अनोळखी माणसांच्या तक्रारी वाचण्यात, आणि ज्यांची उत्पादने आपल्या श्रमावर चालतात त्या कंपन्यांचे 'हे केव्हा दुरुस्त होणार' असे खलिते स्वीकारण्यात किती आनंद उरतो? एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा जगाला कळले की ज्या लायब्ररीवर अर्ध्याहून अधिक इंटरनेटचे कुलूप होते तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता, आणि तिला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी घाईने निधी उभारला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. ती सांभाळणारा एकटा मनुष्य थकला होता, आपले मानसिक स्वास्थ्य ठीक नाही असे त्याने जाहीरपणे लिहिले होते. त्याच्या मागे तगादा लावणारी खोटी नावे उभी राहिली, आणि मदतनीस म्हणून आलेल्या एकाने दोन वर्षे विश्वास संपादून किल्ल्या हस्तगत केल्या. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो याचे कुतूहल वाटले म्हणून अनर्थ टळला. स्वेच्छा पवित्र आहे. पण माणसाला एकाकी पाडणाऱ्या व्यवस्थेने तिच्या आड लपू नये.

तर मग करावयाचे काय? येथे आपल्याला परदेशी पुस्तके उघडावी लागत नाहीत. पुण्याच्या भवानी पेठेत आणि मुंबईच्या मस्जिद बंदरात हा प्रश्न एकदा सुटलेला आहे.

हमालाचा मालक कोण? सकाळी त्याने एका आडत्याची पोती उचलली, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी ट्रकवाल्याची. प्रत्येक व्यापारी म्हणे, 'हा माझा नोकर नाही.' म्हणून त्याला पगारी रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पाठ मोडली तर औषध नाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी संघटनेने जो लढा दिला त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्या कायद्याची खरी बुद्धिमत्ता कशात आहे, हे आपण नव्या कार्यकर्त्यांना पुरेसे सांगत नाही. त्याने एक मालक शोधण्याचा हट्टच सोडून दिला. ज्या कोणाचे ओझे उचलले जाते त्याने मंडळाकडे नोंदणी करावी, मजुरी मंडळात भरावी, आणि मजुरीवर ठराविक शेकडा लेव्ही द्यावी. त्या लेव्हीतून रजा, बोनस, निधी, औषधपाणी. मंडळावर कामगार, मालक व शासन असे तिघांचे प्रतिनिधी. मालक अनेक असोत, बदलते असोत, जबाबदारी सामायिक झाली.

मुक्त सॉफ्टवेअरची बांधणी राखणारा माणूस हा नव्या युगाचा हमाल आहे, असे म्हटल्यास तो कदाचित रागावेल. परंतु त्याची आर्थिक अवस्था अक्षरशः तीच आहे. त्याने उचललेले ओझे हजार कंपन्यांच्या गोदामात जाते आणि प्रत्येक कंपनी म्हणते, 'हा माझा नोकर नाही.' खराडीच्या त्या कंपनीचे म्हणणे याहून वेगळे काय होते?

लेव्हीचे तत्त्व पोत्यांपुरते राहिलेले नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर बसला. वाघोली जून २०२१ अखेरीस पुणे महापालिकेत आली, तिच्या आधी आणि नंतर येथे जे मनोरे उभे राहिले त्यांच्या खर्चातून बांधकाम कामगारांच्या मंडळाला हा उपकर देय आहे. तो कितपत पोचतो हा स्वतंत्र लेखाचा विषय. राजस्थानने २०२३ साली व कर्नाटकाने २०२५ साली मोबाइलवरून काम मिळणाऱ्या गिग कामगारांसाठी कायदे केले, त्यांतही प्रत्येक व्यवहारावर कल्याण-शुल्क आहे. माथाडीची कल्पना जयपूरला पोचते, बंगळुरूला पोचते, मग हिंजवडीला आणि खराडीला का पोचू नये? राज्यातून सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या, ठराविक उलाढालीवरील प्रत्येक कंपनीने आपल्या उत्पादनात कोणकोणत्या मुक्त लायब्रऱ्या आहेत याची यादी द्यावी आणि त्या प्रमाणात लहानशी लेव्ही एका मंडळात भरावी. अशा याद्या कंपन्यांकडे आजही असतात, परदेशी गिऱ्हाईक सुरक्षेकरिता त्या मागते. अमेरिकेच्या खरेदीदाराला जी यादी मिळते ती महाराष्ट्राच्या श्रम खात्याला मिळण्यास हरकत नसावी.

जगात याला आधार आहे. जर्मनीच्या सरकारने २०२२ पासून सॉव्हरिन टेक फंड चालविला, आणि २०२३ साली जीटीके ज्या परिवारातला आहे त्या ग्नोम प्रकल्पाला दहा लक्ष युरो दिले, तेही दान म्हणून नव्हे, सार्वजनिक पायाभूत सोय म्हणून. आपल्या केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. त्यात सरकारने ते वापरावे असे आहे, ते राखणाऱ्याला कोणी पोसावे याचा विचार नाही. 'वापरा' एवढेच सांगणारे धोरण हे विहिरीचे पाणी भरा म्हणणारे आणि गाळ काढण्याचे नाव न घेणारे धोरण होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधा या शेअर-दलाली कंपनीने वर्षाला दहा लक्ष डॉलरचा निधी मुक्त प्रकल्पांसाठी जाहीर केला. चांगले केले. पण दात्याच्या मर्जीवर चालते ते दान, आणि हमालांनी दान मागितले नव्हते.

कोणी विचारील, बांधणी राखणारा मनुष्य युरोपात किंवा तैवानात असेल, त्याला महाराष्ट्राच्या मंडळाने कसे पोसावे? त्यालाही पोसावे, समाजवाद्याला सीमा आडवी येण्याचे कारण नाही. परंतु येथेही माणसे उभी करता येतात. वाघोलीच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले कोणाचा तरी जुना प्रकल्प नव्या पुठ्ठ्यात बांधून सादर करतात, हे त्यांचे प्राध्यापकही जाणतात. त्यांपैकी दहा मुलांना वर्षभर विद्यावेतन देऊन विंडोज बांधण्यांच्या कामाला लावले, म्हणजे लायब्ररीची नवी आवृत्ती आली की बांधून पाहणे, जुन्या विंडोज १० च्या यंत्रावर चालवून पाहणे, मराठीचे प्रत्येक जोडाक्षर तपासणे, दोष सापडल्यास तो मूळ प्रकल्पाकडे दुरुस्तीसह पाठविणे, तर त्यांच्या हाती खरे कौशल्य येईल आणि जगाच्या सामायिक भांडवलात महाराष्ट्राची भर पडेल. याचा नमुना मुंबईत आहे. आयआयटीतील फॉसी प्रकल्प केंद्राच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालतो, त्यांचा ईसिम हा विद्युत-मंडलांचा मुक्त कार्यक्रम विंडोजवरही दिला जातो, आणि तेथीलच स्पोकन ट्युटोरियलने गिंप व इंकस्केपचे पाठ भारतीय भाषांत आणले. म्हणजे शिकविण्यास पैसा मिळाला. ज्याच्यावर शिकविले ते टिकविण्यास अद्याप मिळालेला नाही.

या मागणीला अडचणी आहेत आणि त्या लपवून मागणी करणे बरे नव्हे. मंडळ म्हटले की कारकुनी आली, आणि माथाडी मंडळांतही बोगस नोंदी, टोळ्या व थकबाक्या शिरल्या हे आपण पाहिलेले आहे. कोणत्या लायब्ररीला किती द्यावयाचे हे ठरविताना गाजणाऱ्या नावांना अधिक आणि झेडलिबसारख्या मुक्या चिऱ्याला कमी, असे होण्याचा धोका आहे. शासनाने पैसा दिला की शासन कळा फिरवू पाहील, म्हणून मंडळावर राखणदारांचेच प्रतिनिधी बहुसंख्य हवेत. जीटीके विकसित करणाऱ्यांना हे मान्य होईल का, त्यांना विचारल्याशिवाय कायदा करता येणार नाही. माथाडी कायद्यापूर्वीही हमालांच्या बैठका वर्षानुवर्षे चालल्या होत्या.

सुरुवात कोठून करावी, तर यादीपासून. आपल्या प्रत्येक तालुका शाखेने, संलग्न पतसंस्थेने, मुद्रणालयाने व वाचनालयाने आपल्या संगणकांवर कोणते मुक्त कार्यक्रम आहेत आणि त्यांच्या विंडोज बांधण्या कोण करते, हे एका कागदावर लिहून काढावे. मी वाघोलीच्या दुकानापासून आरंभ केला. गिंप, इंकस्केप, लिबरऑफिस, त्यांच्या खालच्या लायब्रऱ्या, अशी यादी दोन पाने झाली. दुकानदाराने ती वाचली, भिंतीवर दिनदर्शिकेखाली चिकटविली, आणि पत्रकांच्या बिलातले शंभर रुपये कमी करून म्हणाला, "हे त्यांच्याकडं पाठवायची काही सोय आहे का, काका?" सोय आहे; ग्नोम आणि इंकस्केप दोघेही देणगी स्वीकारतात. ते शंभर रुपये मी पाठविले. खराडीच्या कंपनीच्या नावाने लिहिलेले पत्र मात्र अद्याप त्या अभियंत्याच्या खिशात आहे. वरिष्ठांपुढे ते ठेवले तर आपली नोकरी राहील का, हे त्याने मला विचारले आहे.